सरासरी सत्तावन्न

२ फेब्रुवारी

आज दोन सारख्या वह्या आणल्या. एक आहाराची, ती आहारवाल्या मॅडमना दर पंधरवड्याला दाखवायची. दुसरी ही, कुणालाही दाखवायची नाही. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत मी भिंगं घासते, तिथल्या खणात रिकाम्या खोक्यांखाली हिला ठेवणार आहे. त्या खणात इतकी धूळ आहे की मालक तिकडे फिरकत नाहीत.

गणित असं. वल्हवण्याच्या शर्यतीत, हलक्या वजनाच्या गटात, जोडीच्या बोटीत दोघींची सरासरी सत्तावन्न किलोच्या वर जाता कामा नये, आणि एकीनेही एकोणसाठ ओलांडायचं नाही. मी साठ आहे, काडी सत्तावन्न. काडी म्हणजे माझी धाकटी नणंद. लहानपणी पडलेलं नाव, सव्विसाव्या वर्षीही चिकटून आहे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा घरातलं कोण कशावरून रुसतं ते तिने मला शिकवलं आणि वल्ही कशी धरायची ते मी तिला. सहा वर्षं एकाच बोटीत आहोत. तिच्यामुळे क्लबात सगळेच मला वहिनी म्हणतात. कोचसुद्धा म्हणतो, आणि तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा आहे.

गेल्या वर्षी आम्ही तिसरा नंबर हातभर अंतराने घालवला. यंदा पहिल्या दोन जोड्यांना संघात घेणार आहेत. शर्यत मेच्या पहिल्या रविवारी. मी एकतिशी ओलांडली आहे. पुढच्या वर्षी माझ्या जागेवर दुसरी कुणी असेल हे कोच बोलत नाही, पण मला दिसतं. म्हणजे एवढी एकच संधी.

मॅडमची खोली बोटघराच्या माडीवर आहे, वॉर्निशच्या वासाची. बोलता बोलता त्या केळं खात होत्या. म्हणाल्या, "तीन किलो, तीन महिने. वहिनी दोन, नणंद एक. त्याहून जास्त कुणी उतरवायचं नाही. आणि एक लक्षात ठेवा, जे वर्षभर खाऊन राहता येणार नाही ते महिनाभरही खायचं नाही. वहीत खरं लिहा. ती काही परीक्षेची उत्तरपत्रिका नाही."

काडीने लगेच तिथल्या तिथे लिहिलं: अर्धं केळं, मॅडमच्या हातचं.

६ फेब्रुवारी

इथे खरं लिहायचं ठरलंय तर लिहिते.

दुपारी चार वाजता ब्रेडचे सात तुकडे, त्यांवर लोणी आणि जॅम. मग बिस्किटांचा पुडा. भिंगं घासायचं मशीन चालू ठेवलं होतं, कागदाची कुरकुर बाहेर जाऊ नये म्हणून. मशीनमध्ये भिंग नव्हतंच. मालक बाहेरून म्हणाले, "बाई, दमलात तर जरा बसा की." मी तोंडात घास घेऊन "हं" म्हटलं.

वहीत लिहिलं: चार वाजता एक सफरचंद.

सफरचंद का, कोण जाणे. दुकानाच्या आसपास सफरचंद मिळतही नाही.

सकाळी बोटीवरून आले की मी एक अंडं आणि चहा घेते. दुपारी डब्यातलं अर्धं परत नेते, घरी चारचौघांत पाखरासारखी टिपते. लहानपणी आत्या सगळ्यांसमोर म्हणायची, "ही खाते कुठे, ही कोंबते." तेव्हापासून माणसांसमोर माझा हात आखडतो. सकाळी सहा ते साडेसात वल्हवलेल्या अंगाला हे सगळं कोण समजावणार? चार वाजले की माझे हातपाय कापायला लागतात आणि मग मी मी राहत नाही.

उद्यापासून बंद.

१७ फेब्रुवारी

बंद झालं नाही.

मॅडमनी वही वाचली. पान उलटलं, परत मागे आल्या. "एवढ्यावर तुम्ही दीड तास वल्हवता?"

"हो."

"तुमचं पान वाचून मलाच भूक लागली. न्याहारी दुप्पट करा. दोन अंडी, ब्रेड, दूध. बोटीवर जायच्या आधी एक केळं."

वजन माझं एकोणसाठ पूर्णांक सहा, काडीचं साडेछप्पन्न. काडीची वही म्हणजे करमणूक आहे. समासात बटाट्यांची चित्रं, आणि "आईने जबरदस्तीने वाढलं, मी निर्दोष" असे शेरे. मॅडम हसून हसून लाल झाल्या. माझी वही स्वच्छ, सरळ रेघांची. खोटं किती नीटनेटकं दिसतं!

१ मार्च

सासूबाई शेजारच्या बाईंना गॅलरीतून सांगत होत्या, "आमच्या सुनेचा निग्रह बघावा माणसाने. समोर केक ठेवा, ढुंकून बघणार नाही. नाहीतर आमची काडी, सदा चरत असते."

मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. कानशिलं तापली. त्यांनी हा निग्रह दुकानातल्या मागच्या खोलीत येऊन बघायला हवा. पण खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला कमी खाणारी म्हणालं.

१० मार्च

आज गोष्टी बदलल्या.

माझं वजन एकोणसाठ. पाच आठवड्यांत तेवढंच, आणि त्यातलंही काही काल पाणी न पिता आणलेलं. मॅडमनी वही मिटली, चष्मा काढला (काचेवर ओरखडा आहे, बदलून द्यायला हवी) आणि कोचला वर बोलावलं.

"हे मला आवडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "इतकं कमी खाऊनही वजन हलत नसेल तर शरीराने दार लावून घेतलंय. यांचं खाणं आता मी एका घासानेही कमी करणार नाही. वजन इथेच थांबवायचं. जोडी बसत नसेल तर या वर्षी हलका गट सोडा."

कोच म्हणाला, "मॅडम, हलका गट सोडला तर या दोघींची बोटच नाही. खुल्या गटात पावणेसहा फुटी मुली आहेत. यांना कुठे बसवू?"

"ते तुम्ही बघा. मी बरगड्या आणि हाडं बघते."

मी तिथेच बोलायला हवं होतं. मॅडम, शरीराने कसलंही दार लावलेलं नाही, चार वाजता सताड उघडं असतं. तोंड उघडलंही. आणि म्हणाले, "आज वारा बराच आहे, नाही?"

जिन्यावरून उतरताना काडीने माझ्या कमरेला चिमटा काढला. "वहिनी, तू नको काळजी करू. तू एकोणसाठ सांभाळ. बाकीचं मी बघते."

"म्हणजे काय करणार?"

"अगं, मी काडी! मला काय लागतंय? दोन दिवस आईच्या हातचं नाही खाल्लं की झालं."

सुटल्यासारखं वाटलं. थोडा रागही आला. काही लोकांना सगळं कसं फुकटात मिळतं.

२३ मार्च

बोटीत काडी पुढे बसते आणि मी तिच्या पाठीमागे, म्हणजे रोज दीड तास मी तिची पाठ बघते. सहा वर्षांत इतकी पाठ कुणी कुणाची पाहिली नसेल. आज बनियनच्या वर तिचे मणके एकेक दिसत होते. मला हेवा वाटला. लिहून टाकते: पुढे झुकली की मणके दिसायचे आणि मला दर वेळी हेवा वाटायचा.

उकडत असूनही बोटघरात ती स्वेटर घालून बसते. चिडकी झाली आहे. माझ्या नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला म्हणून सख्ख्या भावाशी दोन दिवस अबोला. शर्यत जवळ आली की होतं असं.

न्हाणीघरातलं पॅडचं पाकीट यंदा संपायचं नाव घेत नाही. दोघींत एकच आणतो, दर महिन्याला आणावं लागायचं. चला, एक खेप वाचली.

चार वाजता: पाव चार, लोणी, उकडलेले बटाटे (डब्यातले, सकाळी न खाल्लेले), शेंगदाणे दोन मुठी. वहीत सफरचंद. आता मला त्या सफरचंदाचीसुद्धा लाज वाटते.

७ एप्रिल

कोचने फळ्यावर फक्त सरासरी लिहिली: ५६.९. खाली दोन रेघा ओढल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझं एकोणसाठ, म्हणजे काडी चोपन्न पूर्णांक आठ. एक किलो उतरवायचं होतं, तिने दोन उतरवले. कुणीच काही म्हटलं नाही, कारण फळ्यावर सरासरी होती.

मॅडमनी मात्र तिला वर एकटीला ठेवून घेतलं. मी दाराबाहेर बुटाच्या नाड्या बांधत होते.

"पाळी?"

"वेळेवर, मॅडम."

"वहीत लिहिलंय तेवढं खातेस?"

"मग! घरात आई आहे, सुटका आहे का?"

पाकीट मनात आलं. पण ती आता वेगळं काही वापरत असेल. मोठी मुलगी आहे, मी कशाला विचारू. तिच्या वहीत आता चित्रं नसतात, सरळ रेघा असतात.

खाली आली तेव्हा तिने डब्यातली दोन्ही अंडी रखवालदाराला दिली. "पोट भरलंय माझं," म्हणाली. रखवालदार खूश.

१६ एप्रिल

काडीच्या डाव्या कुशीत दुखतंय. खोकताना हात दाबून धरते. म्हणे वाकडी झोपले. मी मलम चोळून दिलं. हाताखाली बरगड्या लागत होत्या आणि कातडी थंड होती. विचारलं, "काडी, जेवतेस ना गं नीट?"

"तू जेवतेस त्याच्यापेक्षा जास्तच," ती हसून म्हणाली.

मी मलमाच्या डबीचं झाकण लावलं. बराच वेळ लावत होते.

२२ एप्रिल

पहाटेपासूनचं सगळं लिहिते.

पाणी सपाट होतं. शेवटच्या फेरीला मी हाक दिली, "वीस, पूर्ण जोर!" मागे बसणारीने हाक द्यायची असते, ती मी दिली. अकराव्या ओढीला काडीच्या तोंडून एक आवाज आला, आणि ती पुढच्या पुढे मिटली. डावं वल्हं पाण्यात रुतलं, बोट कलंडायला लागली. मी तिची आणि माझी वल्ही कशी धरून ठेवली ते मला आठवत नाही. ती म्हणत होती, "सॉरी वहिनी, सॉरी." मला!

दवाखान्यात कळलं, बरगडीला चीर गेली आहे. मार लागून नव्हे. डॉक्टर म्हणाले, हाडाला पोसायला काही मिळालं नाही आणि ओढ मात्र रोज बसली. वजन त्रेपन्न पूर्णांक नऊ. फेब्रुवारीनंतर पाळी नाही. हे सगळं काडी भिंतीकडे बघत सांगत होती आणि सासूबाई पिशवीचा बंद पिळत होत्या.

मॅडम आल्या. पलंगाशी न जाता आधी कोचला बाजूला घेतलं, पण मला ऐकू आलं. "चूक माझी आहे. वहिनींच्या वहीवर विसंबून मी त्यांना थांबवलं आणि सगळा भार हिच्यावर येणार हे मला दिसायला हवं होतं. क्लबला तसं लिहून देते. तुम्ही दुसरं कुणी बघा."

मी चार पावलांवर उभी होते. तरी बोलले नाही. माझ्यासारखी भेकड बाई मी पाहिलेली नाही.

२३ एप्रिल

मालकांना सांगून दुकानातून दुपारीच निघाले. ही वही पर्समध्ये घेतली. मॅडम शहरातल्या दवाखान्यात असतात, दोन खुर्च्या आणि एक वजनकाटा. डबा खात होत्या. मी बसले नाही.

"मॅडम, वहीतलं सफरचंद खोटं आहे."

"कुठलं?"

"सगळी."

त्यांनी चमचा खाली ठेवला. मी ही वही उघडून सहा फेब्रुवारीचं पान त्यांच्यासमोर धरलं. मग पुढचं, मग पुढचं. आत्याच्या बोलण्यासकट सगळं वाचलं त्यांनी. मला वाटलं आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कोरा कागद ओढला आणि विचारलं, "लोणी साधारण किती? चमच्याने सांगा."

मी चमच्याने सांगितलं. पाऊण तास सांगत होते. बेरीज करून त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखं वल्हवणाऱ्या बाईला लागतं जवळजवळ तेवढंच खाल्लंत तुम्ही. फक्त लपून, आणि एकदम. चार वाजताची भूक सकाळचीच असते, उशिरा पोचते. हे पहिल्या दिवशी लिहिलं असतंत तर वाढवलेली न्याहारी मी तुम्हाला समोर बसवून खायला लावली असती आणि तुमचे दोन किलो सावकाश गेलेही असते."

म्हणजे लाज कशाची होती? जे लागतं तेच खाल्लं त्याची. आणि त्या लाजेपायी पोरीची बरगडी गेली. मला रडू आलं. त्यांनी रडू दिलं, मग म्हणाल्या, "क्लबला मी काय लिहायचं ते मी बघेन, माझीही चूक आहेच. मला सांगितलंत ते बरं केलंत. पण बरगडी माझी नाही, वहिनी."

२६ एप्रिल

तीन दिवस धीर झाला नाही. आज काडीच्या खोलीत गेले. उशांच्या आधाराने बसली होती. उभ्याउभ्याच सांगितलं. मशीन चालू ठेवायचे तेसुद्धा सांगितलं, ते सर्वांत जड गेलं.

अगदी साध्या आवाजात तिने विचारलं, "मग मी कशासाठी उपाशी राहिले?"

मी तिच्या पांघरुणाचं टोक सरळ केलं.

"मला वाटायचं, वहिनी एवढी मरतेय, तरी तिचं वजन हलत नाही. आपण जरा सोसलं तर काय बिघडलं. रात्री भूक लागली की मी तुझी आठवण काढायचे, की वहिनीपण उपाशीच असेल." तिने भिंतीकडे तोंड केलं. "जा आता."

बाहेर सासूबाई दाराशीच होत्या. सगळं ऐकलं असणार. त्या वाटेतून बाजूला झाल्या.

३० एप्रिल

काडी जेवत नाही. म्हणजे बसते, चिवडते, उठते. आता तिला सरासरी नाही, शर्यत नाही, कुणी अडवलेलं नाही, तरी घास जात नाही. मॅडमनी लिहून दिलेला कागद फ्रिजवर लावला आहे, त्यातलं निम्मंही पोटात जात नाही. "भरलं," म्हणते. दोन महिने स्वतःशी जे बोलली तेच तोंडात बसलंय. सासूबाई विनवतात, नवरा विनोद करतो, काही उपयोग नाही. वजन त्रेपन्न पूर्णांक सात. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दुसरी बरगडी जायला वल्हं लागणार नाही.

माझ्याशी बोलत नाही. माझी पावलं ऐकली की पुस्तक उघडते.

मी न्याहारी करते, सगळ्यांसमोर, मॅडमनी सांगितली तशी. दोन अंडी, ब्रेड, दूध. चार वाजता आता एक केळं पुरतं. हे लिहितानाही लाज वाटते, की मी बरी होत चालले आणि ती नाही.

४ मे

आज शर्यतीचा रविवार. आमच्याशिवाय झाली. कोचचा निरोप आला की गेल्या वर्षीच्या तिसऱ्या या वर्षी पहिल्या आल्या. कुणी वाचून दाखवला नाही, फोन टेबलावर उताणा पडून होता.

दुपारी चौघं जेवायला बसलो. भात, डाळ, बटाट्याची भाजी, अंडी. सासूबाईंनी काडीला वाढलं. तिने हात मांडीवर ठेवले आणि ताटाकडे बघत बसली. नवऱ्याने काहीतरी विनोद केला, तो तसाच विरला. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या डाळ ढवळत राहिल्या.

मग काडी बोलली. आठ दिवसांत पहिल्यांदा, आणि माझ्याशी.

"तू खा."

"खातेय की."

"तसं नाही. इथे, माझ्यासमोर. तू जेवढं खाशील तेवढं मी खाईन. एक घाससुद्धा जास्त नाही."

आवाजात माया नव्हती. शिक्षा देत होती की मदत मागत होती, मला कळलं नाही, आणि विचारायचा हक्क मला नव्हता. मी एक घास घेतला. तिने घेतला. मी चावला, तिने चावला. माझ्या तोंडाकडे बघत होती, मी गिळतेय की नाही ते. तिघंजण माझ्याकडे बघत होते आणि मी खात होते. मान वर करवत नव्हती. कान, गाल, मानेपर्यंत सगळं पेटलं होतं, आत्याचा आवाज येत होता, आणि मी घेत होते एकेक घास, आणि समोर ती.

ताट संपलं. इतर दिवशी मी इथेच उठले असते. बोटं आखडलेलीच होती, उठायची सवय पायांत आली होती. समोर काडीचंही ताट रिकामं होतं, दोन महिन्यांत पहिल्यांदा, आणि तिने ते हलवलं नव्हतं. वाट बघत होती.

मी सासूबाईंकडे ताट पुढे केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आई, मला अजून वाढा."

त्यांनी आधी मला वाढलं. मग तिला.